भिंत गार लागते

"घाला पँट, काका. झालं बघून," डॉक्टर म्हणाला.

मिस्त्रीनं पट्टा आवळला, पण मान काही वर केली नाही. डॉक्टर त्याच्या धाकट्या पोराच्या वयाचा. मिस्त्रीचा जन्म गेला दुकानांची शटरं दुरुस्त करण्यात. रस्त्यानं जाताना कुठलं शटर करकरलं की हा जागच्या जागी थांबायचा आणि न बघता सांगायचा, कुठली पट्टी घासतेय. त्याच माणसाला आज पोरासोरापुढं सांगावं लागलं, की बायकोजवळ गेलं की आग होते, कातडी चिरते, डोळ्यांत पाणी येतं.

"धुता कशानं?"

"ग्रीस काढायचा साबण असतो ना, त्यानंच. चांगलं घासून."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "त्यानं शटरं धुवा, काका. आधीच तुमची साखर वाढलीय, तिथं बुरशी धरलीय, त्यावर हा साबण. मलम देतो. महिनाभर लावायचं आणि महिनाभर काकूंपासून लांब राहायचं. काकूंना काही त्रास?"

"तिला कसला त्रास? ती कधी हूं की चूं करत नाही."

हे सांगताना मिस्त्रीची छाती जरा फुगलीच.

बाहेर पडल्यावर मात्र तो दवाखान्याच्या पायरीवरच थांबला. महिनाभर! बायकोला सांगायचं कसं? शेजारच्या वेल्डरची अशीच काहीतरी भानगड झाली होती, तेव्हा सगळी गल्ली त्याला हसली. सगळ्यात मोठ्यानं मिस्त्रीच हसला होता. आता ही मनात म्हणणार, संपला म्हातारा. तेवढं तिच्या मनात येऊ नये म्हणून तर गेले कित्येक दिवस तो दातओठ खाऊन सगळं रेटत होता. दुखलं तरी चालेल, पण बाईला वाटता कामा नये की नवऱ्याला आपण नकोशा झालो.

घरी आला तेव्हा दुपार तापली होती. बायको खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ही खाट एकदा करकरायला लागली, तर त्यानं त्याच दिवशी सगळ्या सांध्यांत तेल सोडलं होतं. आवाज म्हणून खपायचा नाही त्याला. बायको मात्र खाटेच्या पार कडेला, भिंतीला पालीसारखी चिकटून झोपायची. का म्हणून विचारलं, तर म्हणायची, "भिंत गार लागते."

मिस्त्रीनं मलमाची ट्यूब खिशातून काढली.

"डॉक्टरकडं जाऊन आलो. मला... त्या वेळी दुखतं. फार दुखतं."

बायकोचा हात घडीवरच थांबला. "तुम्हाला?"

"मग कुणाला? महिनाभर जवळ यायचं नाही म्हणालाय."

"दुखत होतं तर थांबायचं ना."

"तुझ्यासाठीच सोसत होतो की. तुला वाईट वाटलं असतं."

बायकोनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मिस्त्रीला वाटलं, आता रडते. रडली तर काय बोलायचं, ते तो येतानाच ठरवून आला होता.

"महिनाच का?" ती म्हणाली. "वाढवून नाही मिळत?"

मिस्त्री हसला. गंमत करतेय म्हणून हसला. ती हसली नाही.

तिनं कपड्यांचा ढीग तसाच उचलून खाली ठेवला. भर दुपारी, घरात नवरा उभा असताना, ती आडवी झाली. खाटेच्या अगदी मधोमध, हातपाय ऐसपैस पसरून. आणि बघता बघता घोरायलाही लागली.

मिस्त्री ट्यूब हातात धरून उभाच होता. अंगाची नुसती लाही होत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्या उकाड्यात बायकोचं साधं बोटसुद्धा भिंतीला लागत नव्हतं.

तेव्हा त्याला आठवलं. कडाक्याच्या थंडीतही, दोन दोन रजया अंगावर घेऊन, ती हेच सांगायची.

भिंत गार लागते.