डावा कान

भूप सुरू झाला आणि अविनाशराव चमकले. बाई बेसूर गात होत्या.

हे शक्यच नव्हतं. कॉलेजात असल्यापासून या मैफलीची टेप त्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की बाईंनी कुठे श्वास घेतला आणि श्रोत्यांत कुठे कुणी खोकलं, तेही त्यांना पाठ होतं. आणि आज त्याच बाईंचा षड्ज, म्हणजे ज्याच्यावर सगळं गाणं उभं राहायचं तो पहिलाच सूर, तानपुऱ्याशी फटकून वागत होता. बाकी मंडळी मात्र माना डोलावत होती.

महिन्यातून एका रविवारी दुपारी पनवेलचं हे श्रोतामंडळ कुमुदताईंच्या हॉलमध्ये जमायचं. हायवेचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, कुणी ना कुणी आणलेलं रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि मग ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगायचं. अविनाशरावांची पाळी शेवटी असे. त्यांच्यानंतर बोलायची कुणाची टाप नव्हती.

थोड्याच वेळापूर्वी मितालीनं स्वतः गायलेला यमन ऐकवला होता. शिष्यवृत्तीसाठी तो आज पाठवायचा होता, आजची शेवटची तारीख. सगळ्यांनी कौतुक केलं. अविनाशराव म्हणाले, “षड्जच लागलेला नाही. पुढचं काय ऐकायचं?” मितालीनं ‘बरं काका’ म्हणून फोन पर्समध्ये टाकला आणि आता पुढच्या वर्षी बघू, असं कुमुदताईंना हळूच सांगितलं. ते अविनाशरावांनी ऐकलं होतं. पोरीनं शहाणपणा केला, असंही त्यांना वाटलं होतं.

आणि आता बाईंचाच षड्ज लागत नव्हता. आधी त्यांनी स्पीकरवर संशय घेतला, मग रेकॉर्डवर. जुनी टेप जलद फिरली की सूर चढतो, हे खरं. पण मग तानपुराही तेवढाच चढतो. दोघांची अशी फारकत होत नाही. मग राहिलं काय? आठवडाभर सर्दीनं डाव्या कानाला दडे बसले होते, तो परवाच मोकळा झाला होता. त्यांनी विचारात असल्यासारखी मान कलती केली आणि डाव्या कानावर तळवा दाबला.

बाई सुरात आल्या.

त्यांनी हात काढला. बाई पुन्हा बेसूर. पुन्हा दाबला, पुन्हा काढला. एकच सूर दोन कानांत दोन ठिकाणी लागत होता.

वेळ मारून नेणं सोपं होतं. या भूपाबद्दल काय बोलायचं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, आणि कुणाला शंकाही आली नसती. खरं सांगितलं तर मात्र पुढच्या महिन्यापासून त्यांचं मत कोण विचारणार? या हॉलबाहेर ते कुणी विचारत नव्हतंच. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा नाही. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. समोर मिताली मांडीवर पर्स घेऊन बसली होती, दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तशी.

भूप संपला. एकेक जण बोलला. मग कुमुदताई म्हणाल्या, “हं, अविनाशराव.”

“मिताली,” अविनाशरावांनी विचारलं, “यांचा षड्ज लागलाय का?”

कुणीतरी हसलं. एवढ्या मोठ्या गायिकेबद्दल असा प्रश्न म्हणजे थट्टाच. मितालीला मात्र ती परीक्षा वाटली. तिचा चेहरा उतरला.

“मला तरी लागलाय असं वाटलं,” ती म्हणाली. “पण मला माझाही लागलाय असंच वाटत होतं. तुम्हीच सांगा, काका.”

हे ऐकून त्यांना कानाच्या दुखण्यापेक्षाही जास्त धसका बसला.

“मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. मग सर्दी, कान, दाबलेला तळवा, सगळं सांगून टाकलं. आज आपल्याला कुणाचाच सूर जागेवर ऐकू येत नाही, यांचा नाही आणि तुझाही नव्हता, असंही सांगितलं.

कुमुदताईंनी उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा म्हणून बजावलं. बेलपाड्याच्या दीपेशनं मागच्या वेळी आपल्या भजनीबुवांची रेकॉर्ड आणून बोलणी खाल्ली होती. तो सावरून बसला.

“मंग काका, मागच्या टायमाचं माझं? ते तरी सुरात व्हतं का नाय?”

“ते बेसूरच होतं. तेव्हा कान शाबूत होता.”

सगळे हसले. मिताली हसली नाही. तिनं फोन बाहेर काढला होता.

“मग काका, तुम्ही उजव्या कानानं ऐका ना. लावू का परत?”

एका कानानं ऐकून निकाल देणं त्यांना सहज जमलं असतं. हात वर जायला निघालाही होता. त्यांनी तो मांडीवरच धरून ठेवला.

“लाव. पण मी सांगणार नाही. तूच ऐक, आणि तूच सांग.”

तिनं लावलं. तानपुरा आला, मग तिचा आवाज आला. अविनाशरावांच्या कानांत दोघांचं भांडण जुंपलेलंच होतं, त्यामुळे त्यांना नुसतं तिच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागलं. तिथं काहीच दिसत नव्हतं. पोर आता नाही म्हणाली तर काय, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला. बंदिश संपली तशी तिनं फोन बंद केला.

“अंतऱ्यात गंधार एकदा जरा उतरलाय,” ती म्हणाली. कुणाकडेही न पाहता म्हणाली. “षड्ज लागलाय.”