बाटलीचं झाकण
संधिवाताच्या डॉक्टरांच्या खोलीतून धाकटी जाऊ मिरवतच बाहेर आली. "जाऊबाई, सांधे तपासून काढलेला आजाराचा आकडा निम्म्यावर आला! एकही सांधा दुखला नाही." थोरली मनातल्या मनात जळून खाक झाली. दोघींचा आजार एकच, गोळ्या त्याच, मग गुण फक्त हिलाच? तिची पाळी आली. आत डॉक्टर एकेक सांधा दाबून विचारू लागले, "दुखतंय?" डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी थोरली हसून म्हणाली, "छे!" "बोटं सुजलीत जरा." "अहो, मी मुळातच गुबगुबीत!" तिचा आकडा धाकटीपेक्षाही खाली उतरला. डॉक्टरांनी खूश होऊन गोळ्या कमी केल्या. ताठ मानेनं बाहेर येऊन तिनं पाण्याची बाटली काढली, पण झाकण काही फिरेना. "तू उघड गं. माझे हात ओले आहेत." धाकटीनं ओठ आवळून जोर लावला. झाकण तसूभरही हललं नाही. बाटली परत देत ती पुटपुटली, "माझेही."