अकरावा प्रश्न

"पेटी कसली होती?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"पत्र्याची. हिरवी. कडी तुटलेली," समोरची मुलगी म्हणाली. "आईनं आम्हा दोघी बहिणींना आत बसवलं आणि वर रजया टाकल्या."

बाईंचं पेन थांबलं. हिरवी पेटी, तुटलेली कडी, रजया. हे सगळं त्यांनी महिन्यापूर्वी याच खोलीत ऐकलं होतं. दुसऱ्याच मुलीच्या तोंडून!

देश सोडून आलेल्या पोरींना बाई दहा ठरलेले प्रश्न विचारत. घरात मार खाल्लास का, उपाशी झोपलीस का, डोळ्यांदेखत कुणी गेलं का. उत्तरांवरून गुण पडत आणि जिच्यावर जास्त बेतलं असेल तिला तंबूतून उचलून वरच्या मजल्यावर वसतिगृहात खाट मिळे. आता एकच खाट उरली होती. मग गोष्टी रचल्या जाणारच. मागच्या आठवड्यात तीन पोरींनी एकच आजी तीन वेगवेगळ्या नद्यांत बुडवली होती.

पण ही गोष्ट दोनशे बारा नंबरची होती. फायलीवर नाव नाही, नुसता आकडा, आणि कपाटाला कुलूप. दोनशे बारा कुणाशी चकार शब्द बोलत नसे. उजवा हात काखेत दाबून दिवसभर खिडकीशी बसायची. तिची गोष्ट दोघींनाच ठाऊक होती: बाईंना आणि कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या काकूंना.

बाईंनी काकूंकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" काकू पुटपुटल्या. "अहो, माझं खरं वय अजून माझ्या नवऱ्याला माहीत नाही!"

बाईंना हसू आलं नाही. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

"पुढे?"

मुलीनं ओठावरच्या जुन्या व्रणावरून जीभ फिरवली. "आईनं पेटीवर तीनदा टकटक केलं. म्हणजे गप्प बसायचं. मग माणसं आली. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा पेटीत मी एकटीच होते."

तीनदा टकटकसुद्धा! आणि पुढचं सोयीनं विसरली. बाईंचं डोकं सणकलं. ती टकटक सांगताना दोनशे बारा तासभर हुंदके देत होती, आणि ही बया ते दुःख उचलून खुशाल स्वतःच्या अंगावर चढवतेय. वर खाट मिळाली असती ती नेमकी दोनशे बाराच्याच शेजारची!

"हे तुला कुणी पढवलं? खरं सांग, मी रागावणार नाही." बाई केव्हाच रागावल्या होत्या.

"कुणी नाही, बाई. मला परत तंबूत नका पाठवू. तंबूला कडी नसते."

बाईंनी फायलीवर 'पढवलेली' असा शेरा मारायला पेन टेकवलं आणि त्या क्षणभर थबकल्या. त्यांचा स्वतःचा एक अकरावा प्रश्न असे, कागदावर नसलेला. पढवलेल्या पोरी गोष्ट घडाघडा सांगत, पण मधेच बारीकसा तपशील विचारला की गडबडत. दोनशे बारानं आवाज होऊ नये म्हणून धाकटीचं तोंड दाबून धरलं होतं. धाकटी पुन्हा हलली नाही. तो हात तिनं बाईंना उघडून दाखवला होता, अंगठीसकट.

"बहिणीचं तोंड दाबून धरलंस ना?" बाईंनी शांतपणे विचारलं. "कुठल्या हातानं?"

मुलगी गोंधळली. तिनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. सापडली, बाईंना वाटलं. कोपऱ्यातली टायपिंगची टकटकही थांबली.

"मी कुठं दाबलं?" ओठावरच्या व्रणावर बोट ठेवून ती म्हणाली. "ताईनं माझं दाबलं होतं. हे बघा, तिची अंगठी लागली होती."