त्याच चालीवर

"चिनी लोक जुनी चाल घेतात आणि तिच्यात नवे शब्द भरतात, खैरूभाई," यूनुस पुस्तकात बोट घालून सांगत होता. "आपल्या बायकांच्या गाण्यांसारखंच."

जुम्म्याची नमाज आटोपून दोघे शारजातल्या आपल्या कोंदट खोलीत जेवायला बसले होते. यूनुस सर्व्हे कंपनीत स्टोअरकीपर; ते पुस्तक तिथल्या इंग्रज साहेबाने नोकरी सोडून जाताना त्याला दिलं होतं. चिनी कवितांची इंग्रजी भाषांतरं. स्टोअरकीपरला असलं पुस्तक देणारा साहेब विक्षिप्त, आणि ते दोनदा वाचणारा स्टोअरकीपर त्याहून विक्षिप्त.

पहिल्या कवितेत एक बाई नदीवर झगा धुते, वाळवते, घडी घालून ठेवते. आता थंडी पडेल, म्हणते. नवरा लढाईवर गेलाय आणि ही झुरतेय, असंच लोक पिढ्यान् पिढ्या समजत आले. दोनशे वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच चालीवर नवी कविता लिहिली. तिच्यात ती बाई झगा नदीकाठी नेते आणि जाळते. तिकडे मेलेल्यांना कपडे असेच पोचवतात.

"म्हणजे पहिल्या कवितेतही तो मेलेलाच होता," यूनुस म्हणाला. "शब्द एकही बदलला नाही. पण नंतरची वाचली की आधीची पहिल्यासारखी राहत नाही."

"जेव आधी," खैरुद्दीन म्हणाला. "मासा थंड होतोय."

खैरुद्दीन त्याच्याच गावचा, दाभोळच्या खाडीकाठचा, वयाने मोठा. पावसाआधी तो सुट्टीवर गावी जाऊन आला आणि तेव्हापासून त्याची थट्टामस्करी आटली होती. घरची आठवण येत असेल, असं यूनुसला वाटे.

कालच यूनुसला घरचं पत्र आलं होतं. अब्बांच्या हातचं, नेहमीसारखं. सर्व खुशाल, इकडची काळजी नसावी, कॉन्ट्रॅक्ट पुरं केल्याशिवाय निघू नये. खाली बायकोच्या, शहनाझच्या अक्षरात दोन ओळींचं गाणं. पाकीट बंद करण्याआधी अब्बा पत्रातली ओळ न् ओळ तपासत, पण बायकांची गाणी ते कशाला वाचतील? याआधीच्या दोन पत्रांतही तिने असं गाणं घातलं होतं. एरवी 'तुम्ही' म्हणणारी बायको गाण्यात 'तू' म्हणते, याने यूनुस मनातून खुलला होता.

एकच गोष्ट त्याला आतून खात होती. तो निघाला तेव्हा त्याचा मुलगा अन्वर चार वर्षांचा होता. आधी दर पत्रात पोराचे पराक्रम असत. पावसाळ्यापासून त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. दोनदा विचारूनही उत्तर नव्हतं.

"हिनेही एकाच चालीवर तीन गाणी केलीत बघा," असं म्हणत त्याने तिन्ही पत्रं मांडीवर घेतली आणि ओळीने गुणगुणायला लागला.

सदरा तुझा पेटीत, पेटी उघडत नाही,
वास तुझा उडाला तर मागे काय राही?

भात तुझा झाकला, दुपार गेली टळून,
दारात मी उभी, येशील का रे वळून?

उशाशी तुझ्या लावला सब्जा, झाला हातभर,
पाणी घालून परतते, सुनं माझं घर.

शेवटचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. पलंगाशी कुंडी ठेवली असेल म्हणून काल तो हसला होता. पण पाणी घालून ती घरी परतत होती. आणि त्यांच्या गावात सब्जा घरात कुणी लावत नाही. तो कबरीवर लावतात.

त्याने पहिलं पत्र पुन्हा उचललं. आपले सगळे सदरे तर तो इकडे घेऊन आला होता. त्याने ते पत्र खैरुद्दीनसमोर धरलं.

"खैरूभाई, हा सदरा कुणाचा?"

खैरुद्दीनने घास ताटात परत ठेवला.

"तुझ्या अब्बांनी कसम घातली होती. परदेशात असलेल्याला अशी खबर कळवायची नाही, आपला रिवाज तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तीन दिवसांचा ताप. खलास. अन्वरच्या कबरीत तुझ्या वाटणीची माती मी टाकली, यूनुस."