चाळीस पायऱ्या

"अंगणातलं कॉटेज घ्या की, ताई. एकही पायरी नाही," दापोलीहून मालक फोनवर सांगत होता.

"नको, टेकडीवरचंच द्या. चाळीस पायऱ्यांचं."

बुकिंग झाल्यावर सासूबाईंना फोटो दाखवले. "तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही हो, आई."

"किती पायऱ्या गं?" त्यांनी एवढंच विचारलं.

वीस दिवसांनी भाजी घेऊन आले, तर त्या आमच्या जिन्यात कठड्याला धरून उभ्या. घामाने निथळत होत्या, पण चेहरा फुलला होता.

"रोज दोन-दोन वाढवत गेले गं. आज चाळीस चढले! आता येऊ ना मी?"

"अहो आई, कमाल केलीत!" हात धरून त्यांना घरात आणलं, पाणी दिलं आणि गॅलरीत जाऊन मालकाला फोन लावला.

"दादा, त्याच्याही वर एखादं आहे का हो?"