पाठमोरी सभा

"एक इंजिन पेटलेलं, खाली नुसते डोंगर," खासदार माणगावकर माइकवर सांगत होते, "आणि मी विमान नदीच्या वाळूत उतरवलं." हवाई दलातल्या या एका किश्श्यावर त्यांनी तीन निवडणुका काढल्या होत्या. पहिल्या निवडणुकीत वाळूची पट्टी आठशे मीटर होती. आता ती तीनशेवर आली होती.

लोक ऐकत होते, पण त्यांच्याकडे पाठ करून. सगळ्यांची तोंडं मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरकडे होती. भाषण संपेपर्यंत ते हलवायचं नाही, हा साहेबांचा हुकूम उगाच नव्हता.

तेवढ्यात हेलिकॉप्टरची पायलट मंचाजवळ आली. "सर, सूर्यास्ताला वीस मिनिटं राहिलीत. नंतर मला उडता येणार नाही."

नियम साहेबांना तोंडपाठ होता. तरी माइक हाताने झाकून ते म्हणाले, "मी वादळात उडवलंय, पोरी. थांब जरा."

ती थांबली नाही. तिने जाऊन हेलिकॉप्टरचं नुसतं दार उघडलं, तर अख्खी सभा खुर्च्या पाडत तिकडे पळाली. विमान वाळूत तसंच सोडून साहेबही मागोमाग निघाले.

गर्दीत कडेवर नात घेतलेल्या एका म्हातारीने त्यांना अडवलं. "तुमी खरंच इमान उडवायचा?"

"वीस वर्षं, आजी." साहेबांची छाती फुगली.

म्हातारी हळहळली. "मग काढून कशापायी टाकलं हो तुमाला?"