दवाखान्याचं तेवढं राहिलं

डॉक्टर गुळवणींना जाऊन वर्ष झालं, तरी डॉक्टरांच्या संघटनेच्या पोर्टलवर ते अजून पेशंट तपासत होते. संघटनेनं त्यांच्या हयातीतच त्यांची बोलती संगणकी नक्कल करून ठेवली होती; आवाज तोच, बोलण्याआधीचं खाकरणंही तेच. सकाळी शालिनीताईंनी चहा तसाच ठेवून संघटनेच्या सचिवांना फोन लावला.

"काल बोलले मी ह्यांच्याशी. मला ओळखलंसुद्धा नाही हो!"

"वहिनी, नियमच आहे," सचिव अवघडून म्हणाले. "सभासद गेल्यावर वर्षभरानं त्याची खासगी माहिती पुसायची. दवाखान्याचं तेवढं ठेवतो, घरचं सगळं जातं."

"म्हणजे मलाही पुसलंत!" ताईंनी फोन आपटला.

मग त्यांना गडहिंग्लजचा जुना दवाखाना आठवत राहिला. पायरीवर चपलांची रास असायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायचा, "जेवलात का?" नाडी नंतर. ताई कुरकुरायच्या, "अख्ख्या गावाला विचारता, मला कधी विचारलंत?"

दुपारी पोळीभाजी पोटभर खाऊन त्यांनी पोर्टल उघडलं. या वेळी बायको म्हणून नाही, पेशंट म्हणून नाव घातलं.

ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. "बोला बाई. जेवलात का?"

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "नाही," त्या धडधडीत खोटं बोलल्या.

"अहो, मग औषध कसं देऊ? आधी दोन घास खाऊन घ्या. मी थांबतो."

ताई उठल्या आणि त्यांनी पुन्हा ताट वाढून घेतलं.